गाठीचा ताप आणि सल्फाची गोळी

जंतू एकदा रक्तात उतरले की वैद्यकाने हात टेकायचे, ही स्थिती १९३५ पर्यंत जगात सगळीकडे सारखीच होती. हिवतापावर क्विनीन होते, उपदंशावर साल्व्हर्सन होते. पण बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी चढणारा ताप, काटा रुतून सेप्टिक झालेला हात किंवा गाठीचा प्लेग, यांत रक्तात वाढणाऱ्या जंतूंना गाठून थोपवील असे औषध कोणत्याही दवाखान्याच्या कपाटात नव्हते. ते काम पहिल्यांदा केले सल्फा कुळातील औषधांनी. पेनिसिलीनच्या कौतुकात ही गोष्ट पुढे झाकली गेली. मराठी मुलखात या औषधांची सर्वांत अवघड परीक्षा झाली ती प्लेगवर, आणि ती घेतली मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटने. प्लेग मुंबईतून देशात पसरला तो मुख्यतः आगगाडीने, म्हणून ही हकीकत मनमाडसारख्या जंक्शनपासून सांगितलेली बरी.

नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातले हे गाव १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुंबई-भुसावळ मार्गावर आले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा सुरू झाला आणि दक्षिणेकडचा मार्ग इथे येऊन मिळाला. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून औरंगाबादवरून येणारी मीटर गेजची लाईन मनमाडला येऊन टेकली. एका बाजूला रुंद रूळ, दुसऱ्या बाजूला अरुंद. त्यामुळे मराठवाड्यातून आलेले पोते इथे एका डब्यातून काढून हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. धान्य, कापूस, गाठोडी, वळकट्या, माणसे, सगळे मनमाडला उतरायचे आणि पुन्हा चढायचे. अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आणि हडबीची शेंडी खिडकीतून बघत गाडी बदलणाऱ्या उतारूला आपल्या वळकटीत आणखी कोण प्रवास करते आहे याची कल्पना नसे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकाशियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागातला रोग प्लेग असल्याचे ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची सुमारे निम्मी वस्ती शहर सोडून गेली, बरीचशी आगगाडीने. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या आणि स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. पुण्यात या झडत्यांतून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिशनर रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली, ते सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. नाशिक जिल्ह्यातल्या भगूरला १८९९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगने गेले. त्यांच्या दोन मुलांनाही गाठ आली होती, ती दोघे वाचली. वाचले ते औषधाने नव्हे. गाठीच्या प्लेगात उपचाराविना काही रोगी वाचतच, आणि आपला रोगी त्यांत निघेल की नाही हे सांगण्याचे साधन कोणाकडेही नव्हते.

गावोगाव लोकांनी मात्र रोगाचे एक लक्षण अचूक हेरले होते: आधी उंदीर पडतात, मग माणसे. घराच्या आढ्यावरून उंदीर टपटप पडू लागले की गाव बाहेर पडायचे, रानात झोपड्या बांधून महिना-दोन महिने राहायचे, ही रीत रूढ झाली. शास्त्राला हा संबंध पटायला वेळ लागला. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवेवर बोट ठेवले. ते मान्य होण्यासाठी मुंबईत ग्लेन लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोगाची काही वर्षे खर्ची पडली. प्लेगच्या घरात गिनीपिग सोडले तर त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होत आणि ते मरत. पिसवांना आत शिरता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवलेले जनावर त्याच घरात धडधाकट राही. उंदीर मेला की त्याची पिसू उपाशी राहते, आणि पोत्यात, अंथरुणात दडून पुढच्या मुक्कामाला पोचते. रोग रुळांच्या कडेकडेने का सरकला याचा उलगडा यात होता.

पिसू चावते ती बहुधा पायाला. तिथून जंतू लसवाहिन्यांतून जांघेतल्या गाठीत जातात. गाठ लिंबाएवढी, कधी अंड्याएवढी सुजते आणि रोगी तो पाय पोटाशी घेऊन पडून राहतो, कारण पाय सरळ केला की जीव कळवळतो. हाताला चावली असेल तर काखेत गाठ, चेहऱ्याला किंवा मानेला चावली असेल तर गळ्याला. गाठ म्हणजे शरीराने घातलेला बांध. तो टिकला तर गाठ पिकून फुटते आणि रोगी हळूहळू सावरतो. फुटला तर जंतू रक्तात उतरून प्लीहा, यकृत, फुप्फुसे व्यापतात, ताप चढतो, जीभ जड होते, बरळणे सुरू होते. काहींमध्ये गाठ दिसायच्या आधीच रक्त जंतूंनी भरते. असा सेप्टिसीमिक प्लेग दोन-तीन दिवसांत माणूस नेतो. म्हणून प्लेगमध्ये डॉक्टरला पडणारा खरा प्रश्न गाठीचा नव्हता, रक्ताचा होता. त्याचे उत्तर शोधायची रीत होती रक्ताचे संवर्धन: शिरेतून थोडे रक्त काढून काढ्याच्या नळीत घालायचे, ऊब द्यायची आणि काही उगवते का पाहायचे. प्लेगचा जंतू सावकाश वाढतो. नळीने उत्तर देईपर्यंत दीड-दोन दिवस जात, आणि तेवढ्यात पुष्कळदा रोग्याचा निकाल लागलेला असे.

त्या काळचे उपाय वाचले की डॉक्टरांची अगतिकता कळते. गाठीवर पोटीस, चिरा, आयोडीनची सुई, पोटात कार्बोलिक ॲसिड, हृदय धरावे म्हणून ब्रँडी. प्लेगच्या जंतूचा शोध लावणारे अलेक्झांडर येरसँ १८९७ मध्ये स्वतः घोड्याच्या रक्तापासून केलेला सीरम घेऊन मुंबईला आले. त्यांच्या पाठोपाठ इटालियन प्राध्यापक लुस्टिग यांचा सीरम आला. आर्थर रोडच्या रुग्णालयाचे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी तो तपासताना एक शहाणपणाची गोष्ट केली: दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी एकाआड एकाला सीरम दिला, उरलेल्यांना नेहमीचे उपचार दिले आणि मग दोन्हींची तुलना केली. औषधाची पारख अशी करायची हे तेव्हा लंडनच्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही अंगवळणी पडलेले नव्हते. सीरमने थोडाफार फरक पडे. पण तो महाग, जपून ठेवायला कठीण, आणि रक्तात जंतू मातले की त्याचा फारसा उपयोग उरत नसे.

प्रतिबंधाची बाजू वाल्देमार हाफकिन यांनी सांभाळली. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची कृती आज एखाद्या स्वयंपाकघरातली वाटेल. बकऱ्याच्या मांसाचा काढा मोठ्या चंबूत भरायचा आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. थेंब तरंगत राहतात, जंतू त्यांच्या बुडाशी धरतात आणि खाली लोंबकळत धाग्यांसारखे वाढतात. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसतात, तुपाखाली नवे धरू लागतात. असे पुन्हापुन्हा करत पीक दाट झाले की ते साधारण ६५ अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक घालून बाटल्या भरायच्या. १० ऑगस्ट १८९९ रोजी हे सारे बिऱ्हाड परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलले. ती प्लेग रिसर्च लॅबोरेटरी. १९२५ पासून तिचे नाव हाफकिन इन्स्टिट्यूट. ही लस लाखोंना टोचली गेली आणि तिने पुष्कळ जीव वाचवले. मात्र ती निरोग्यासाठी होती. गाठ आलेल्या माणसाला परळकडून मिळण्यासारखे पुढची चाळीस वर्षे फारसे काही नव्हते.

ती कोंडी फुटली जर्मनीत, रंगांच्या कारखान्यात. आय. जी. फार्बेन कंपनीच्या एल्बरफेल्ड येथील प्रयोगशाळेत क्लारर आणि मिट्श हे रसायनतज्ज्ञ नवनवे रंग बनवत आणि गेरहार्ड डोमाक ते जंतू टोचलेल्या उंदरांवर तपासत. डिसेंबर १९३२ मध्ये एका तांबड्या रंगाने स्ट्रेप्टोकोकाय टोचलेले उंदीर जगवले. ज्यांना तो दिला नव्हता ते मेले. पुढे तो प्रोन्टोसिल या नावाने बाजारात आला. १९३३ मध्ये ड्युसेलडॉर्फला फोर्स्टर या डॉक्टराने हा लाल पदार्थ रक्तात स्टॅफिलोकोकाय पसरलेल्या दहा महिन्यांच्या मुलाला दिला आणि मूल जगले. रक्तातील जंतुसंसर्गावर सल्फा वापरल्याची नोंदलेली पहिली हकीकत हीच. डोमाक यांनी आपला निष्कर्ष फेब्रुवारी १९३५ मध्ये छापला. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांची लहान मुलगी हिल्डेगार्ड हिच्या हातात सुई घुसून हात सेप्टिक झाला. हात कापण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा बापाने आपलेच औषध तिला दिले. हातही वाचला, मुलगीही.

प्रोन्टोसिलचे एक कोडे होते. काचेच्या नळीत ते जंतूंना काहीच करत नसे, काम करी ते फक्त जित्या शरीरात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या ट्रेफुएल दांपत्याने आणि नित्ती व बोव्हे यांनी त्याच वर्षी उत्तर शोधले: शरीरात या रंगाचे दोन तुकडे होतात, आणि काम करतो तो त्यातला बिनरंगाचा तुकडा, सल्फानिलामाइड. लाल रंग नुसते वेष्टन होते. हे सल्फानिलामाइड व्हिएन्नात पाउल गेल्मो यांनी १९०८ मध्येच बनवलेले होते, त्यामुळे त्याच्यावर कोणाची मक्तेदारी चालण्यासारखी नव्हती. रसायनशाळा असेल तो ते करू शकत होता. जगभरच्या प्रयोगशाळांनी नेमके तेच केले.

डॉक्टरांची खात्री पटली ती लंडनला, बाळंतिणींच्या वॉर्डात. क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी १९३६ मध्ये सूतिकाज्वराच्या स्त्रियांना हे औषध दिले. आधी तिथे या तापाच्या चार-पाच बायकांमागे एक दगावत असे. पहिल्या ६४ जणींत फक्त तिघी गेल्या. सूतिकाज्वर म्हणजे गर्भाशयातून रक्तात शिरलेले स्ट्रेप्टोकोकाय. बाळंतपणानंतर चार दिवसांत बाई जाते आणि मूल उरते, ही गोष्ट मराठी घरांत इतकी नेहमीची होती की तिला ‘बाळंतरोग’ या एका शब्दात गुंडाळून ठेवत. त्या शब्दाची धास्ती सल्फाने पहिल्यांदा कमी केली. डिसेंबर १९३६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मुलाचा घसा याच औषधाने बरा झाला आणि अमेरिकी वर्तमानपत्रांनी ते घरोघर पोचवले.

नंतर घाई नडली. १९३७ मध्ये एका अमेरिकी कंपनीने सल्फानिलामाइड डायइथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून गोड औषध विकले आणि शंभरावर माणसे, त्यांतली बरीच मुले, मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. दोष सल्फाचा नव्हता, विरघळवणाऱ्या द्रवाचा होता. अमेरिकेचा १९३८ चा औषधविषयक कायदा त्यातून आला. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या भेसळीतून आले आणि १४ जण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीमुळे ते महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले. पन्नास वर्षांपूर्वीचा धडा कपाटात पडून होता.

सल्फा प्लेगवर चालेल का, हा प्रश्न मग ओघानेच आला. १९३८ मध्ये केनियात कार्मन यांनी प्रोन्टोसिल देऊन पाहिले. १९३९ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधून शुट्झे यांनी जनावरांवरचे प्रयोग छापले. पण प्लेगचा चाळीस वर्षांचा दांडगा अनुभव जिथे साठला होता, असे ठिकाण होते परळ. १९३२ पासून हाफकिन इन्स्टिट्यूटची सूत्रे कर्नल साहिबसिंग सोखी यांच्याकडे होती. अमृतसरचे सोखी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी, पण विचाराने पक्के राष्ट्रवादी. देशाला लागणारी औषधे देशात, आणि सरकारी कारखान्यात, बनली पाहिजेत असे ते उघड म्हणत. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीने नेमलेल्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. त्यांच्या पत्नी लीला म्हणजे नृत्यांगना मादाम मेनका. १९३६ साली त्यांचा कथकचा संच बर्लिनमध्ये, ऑलिंपिकच्या निमित्ताने भरलेल्या नृत्यस्पर्धेत गाजत होता. डोमाक यांचे औषध त्याच सुमारास जर्मनीबाहेर पसरत होते. एकाच घराचे जर्मनीशी असे दोन धागे जुळावेत हा निव्वळ योगायोग.

सोखी यांनी हाफकिनमध्ये रासायनिक औषधांच्या कामाला जोर दिला. के. गणपती हे रसायनतज्ज्ञ सल्फा कुळातली संयुगे तिथेच बनवू लागले. औषधशास्त्राची बाजू डॉ. बी. बी. दीक्षित यांच्याकडे होती. हेच दीक्षित पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे पहिले प्राचार्य आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. तोवर सल्फाची दुसरी पिढी आली होती. १९३८ मध्ये मे अँड बेकर कंपनीचे सल्फापिरिडीन, म्हणजे प्रसिद्ध ‘एम अँड बी ६९३’, आणि १९३९ मध्ये सल्फाथायझोल. स्वस्त सल्फानिलामाइडपेक्षा ही औषधे जास्त प्रकारच्या जंतूंवर चालत. परळला प्लेगचे जंतू टोचलेल्या उंदरांना ती दिली गेली. टोचणीनंतर औषध किती उशिरा सुरू केले तरी उंदीर वाचतो, हे पाहणे या प्रयोगांत सर्वांत मोलाचे होते, कारण माणूस दवाखान्यात येतो तो नेहमी उशिराच. सोखी आणि दीक्षित यांचा सल्फाथायझोलवरचा लेख १९४० मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. १९४१ मध्ये त्यांचे सहकारी वागळे यांच्यासह सोखी, दीक्षित आणि गणपती अशा चौघांच्या नावाने रुग्णांवरील उपचारांचा वृत्तान्त ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये आला.

निष्कर्ष स्पष्ट होता. जुन्या उपायांपेक्षा आणि सीरमपेक्षाही सल्फाथायझोलने मृत्यू कमी झाले, आणि सल्फापिरिडीनपेक्षा ते रोग्याला सोसवेही. गाठ असलेला आणि लवकर आलेला रोगी बहुधा वाचे. पण मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. ज्याच्या रक्तात आधीच जंतूंची गर्दी झाली आहे त्याच्यावर औषध कमी पडे, आणि प्लेग फुप्फुसात उतरला असेल तर जवळजवळ निरुपयोगी ठरे. सल्फा जंतूंना ठार मारत नाही, त्यांची वाढ रोखते. बाकीचे काम शरीरालाच करावे लागते, आणि तेवढी ताकद शरीरात शिल्लक असावी लागते.

ती वाढ कशी रोखली जाते हे १९४० मध्ये डोनाल्ड वुड्स यांनी इंग्लंडमध्ये दाखवले. जंतूला फोलिक आम्ल स्वतः बनवावे लागते आणि त्यासाठी पॅराअमिनोबेन्झोइक आम्ल हा कच्चा माल लागतो. सल्फाचा रेणू दिसायला त्याच्यासारखाच. जंतू फसतो, खोटे नाणे खरे म्हणून घेतो आणि त्याचा कारखाना बंद पडतो. माणूस आपले फोलिक आम्ल भाजीपाल्यातून मिळवतो, म्हणून त्याला ही फसवणूक बाधत नाही. एक व्यावहारिक अडचणही यातून उलगडली. पिकलेल्या गळवात मेलेल्या पेशींचा तो कच्चा माल मुबलक असतो, म्हणून पुवात सल्फा चालत नाही. प्लेगची गाठ पिकली की ती चिरावीच लागे.

औषध द्यायचे कसे, यात बरेच काही होते. सल्फा शरीरातून लघवीवाटे भराभर निघून जाते. रक्तातले प्रमाण खाली गेले की दबलेले जंतू उसळी घेतात. म्हणून दर चार तासांनी गोळ्या, रात्रंदिवस. गुंगीत बरळणाऱ्या रोग्याला मध्यरात्री आणि पुन्हा पहाटे उठवून, डोके धरून, चुरलेल्या गोळ्या पाण्यातून पाजाव्या लागत. उलटी झाली तर किती पोटात गेले याचा अंदाज घेऊन पुन्हा द्यायच्या. आणि पाणी, सतत पाणी, कारण ही औषधे लघवीत नीट विरघळत नाहीत. त्यांचे काचेसारखे स्फटिक मूत्रपिंडात आणि नळ्यांत अडकले की लघवीत रक्त येते, कधी ती तुंबतेच. यावर उतारा म्हणजे प्रत्येक डोसाबरोबर चमचाभर खायचा सोडा, लघवी आम्लधर्मी होऊ नये म्हणून. खाटेखाली भांडे ठेवून दिवसभरात किती लघवी झाली हे मोजणे हा परिचारिकेच्या कामाचा भाग झाला. अंगावर पुरळ, ओठ निळसर पडणे, क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटणे, ही भीती वेगळी. सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये डॉक्टर अंडी वर्ज्य करायला सांगत, गंधक असलेले अन्न या औषधाशी जमत नाही म्हणून. ही समजूत नंतर टिकली नाही. औषध आले की पथ्य येणारच, एवढे मात्र इथल्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागले नसेल.

सीरमपुढे या गोळीची खरी सरशी वाहतुकीत होती. सीरम थंड ठेवावा लागे आणि शिरेत टोचायला सराव असलेला डॉक्टर लागे. गोळ्यांची बाटली मात्र आगगाडीच्या पार्सलने मनमाडला उतरवून तिथून बैलगाडीने पुढच्या गावात नेता आली असती, आणि ती उन्हाळ्यातही बिघडली नसती. प्लेगमध्ये तर वेळेलाच सगळे महत्त्व. गाठ दिसल्यापासून एका दिवसात गोळी पोटात गेली तर बांध टिकण्याची शक्यता, तीन दिवसांनी गेली तर ती नावापुरती. जंक्शनवरून रोग जितक्या वेगाने पसरला तितक्याच वेगाने औषधही पसरवता येईल, असे पहिल्यांदाच शक्य झाले. मोठ्या गावांना त्याचा लाभ झाला. रुळांपासून लांब राहणाऱ्याच्या वाट्याला तो फारसा आला नाही, कारण तिथे गाठ ओळखून गोळी हातावर ठेवणारे कोणी नव्हते.

युद्धाच्या काळात सल्फा घरोघर पोचली. सिबा कंपनीचे ‘सिबाझॉल’ म्हणजे सल्फाथायझोलच. त्याची गोळी आणि पूड दोन्ही मिळत. खरचटले, कापले, फोड आला की सिबाझॉलची पांढरी पूड भुरभुरायची, ही सवय त्या पिढीला लागली आणि पुढे कित्येक वर्षे टिकली. या सवयीने नुकसानही केले. अर्धवट आणि ऊठसूट घेतलेल्या सल्फाला जंतू सरावले. परम्याचे जंतू तर युद्ध संपेपर्यंतच तिला जुमानेनासे झाले होते.

प्लेगमधले सल्फाचे राज्य आठ-दहा वर्षांचेच. १९४४ मध्ये जाहीर झालेले स्ट्रेप्टोमायसिन युद्धानंतर भारतात आले. रक्तात जंतू मातलेल्या आणि फुप्फुसात प्लेग उतरलेल्या रोग्यालाही ते वाचवू लागले, म्हणजे जिथे सल्फा हरत होती नेमके तिथेच. डीडीटीने पिसवा मारल्या. १८९६ पासूनच्या पन्नास वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास माणसे नेलेला रोग झपाट्याने ओसरला. १९६६ नंतर जवळजवळ तीन दशके देशात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नाही. सोखी १९४९ मध्ये हाफकिनमधून बाहेर पडले, पुढे काही काळ जागतिक आरोग्य संघटनेत होते, आणि सरकारी औषध कारखान्यांसाठी, त्यातही ते सोव्हिएत मदतीने उभे राहावेत यासाठी, शेवटपर्यंत भांडत राहिले. हाफकिन इन्स्टिट्यूट म्हटले की लोकांना लस आठवते. सोखी, दीक्षित, वागळे आणि गणपती यांचे सल्फावरचे काम वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच सांगितले जाते, आणि हा अन्याय आहे. गाठ आलेल्या रोग्याला परळने पहिल्यांदा परिणामकारक गोळी दिली ती या चौघांच्या हातून.

ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आल्याच्या बातम्या आल्या. लाखो माणसे सुरत सोडून निघाली, पुन्हा आगगाड्या भरल्या. या वेळी खिशात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या होत्या. लहान मुलांना टेट्रासायक्लिन देत नसत, त्यांच्यासाठी प्रतिबंधक म्हणून कोट्रायमोक्साझोल सुचवले जाई, आणि त्यातल्या दोन औषधांपैकी एक सल्फामेथॉक्साझोल, म्हणजे सल्फाच. मनमाडला आता मीटर गेज नाही, पोती पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावी लागत नाहीत. अन्न महामंडळाची मोठी गोदामे मात्र तिथे आहेत, आणि धान्य आहे तिथे उंदीर आहेच. सल्फाही अजून आहे, फक्त वेगळ्या जागी: भाजलेला रोगी पुष्कळदा जातो तो जखमेतून रक्तात शिरलेल्या जंतूंमुळे. ते शिरू नयेत म्हणून इस्पितळाच्या बर्न्स वॉर्डात जखमेवर जाड थराने लावतात ते पांढरे मलम सिल्व्हर सल्फाडायझिनचे असते.